डोलकाठीच्या तारा किती ताणायच्या? शिडाच्या होडीचं ‘ट्यूनिंग’ समजून घ्या

२१ सप्टेंबर २०१८. दक्षिण हिंदी महासागर. ऑस्ट्रेलियातलं पर्थ शहर तिथून साधारण १,९०० सागरी मैलांवर. भारतीय नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी ‘तुरिया’ नावाच्या ३२ फुटी होडीवर एकटेच होते आणि गोल्डन ग्लोब शर्यतीत तिसऱ्या क्रमांकावर होते. ताशी १३० किलोमीटरच्या आसपास वेगाचं वारं आणि १४ मीटरपर्यंतच्या लाटा. होडी उलटून पुन्हा सरळ झाली, पण डोलकाठी मोडली होती. टॉमींच्या पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजानं त्यांची सुटका केली.

ही ‘तुरिया’ गोव्यात तयार झाली होती. मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांचं जहाजबांधणीचं यार्ड आहे. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ज्या होडीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली, अशी कामगिरी करणारे ते पहिले भारतीय ठरले, ती ‘म्हादई’ही तिथलीच. पुढे सहा महिला अधिकाऱ्यांना जगभर फिरवून आणणारी ‘तारिणी’ही तिथलीच.

त्या शर्यतीत एकट्या ‘तुरिया’चीच डोलकाठी गेली नाही. पाच होड्यांनी डोलकाठी गमावली आणि शर्यत पूर्ण करू शकलेले खलाशीही पाचच होते. त्यामुळे शिडाची होडी चालवणाऱ्यांच्या जगात एका विषयावरची चर्चा कधी संपत नाही. डोलकाठी उभी कशाच्या जोरावर राहते, तिच्या तारा किती ताणायच्या, आणि शीड बदलायचं तर कधी?

पारोळ्याहून सर्वात जवळचा समुद्र सुरतेकडचा, तोही रस्त्यानं अडीचशे किलोमीटरच्या आसपास. बोरी नदीच्या काठी राहणाऱ्या माणसाला या विषयाचं काय, असं वाटू शकतं. पण यातल्या बऱ्याच गोष्टी खान्देशातल्या माणसाच्या हाताखालून रोज जातात. कापूस तर जातोच.

डोलकाठी उभी कशी राहते?

लग्नाच्या मांडवाचा खांब आठवा. तो नुसता जमिनीत रोवून भागत नाही. चहूबाजूंनी दोर ताणून बांधावे लागतात. एका बाजूचा दोर सैल असला की खांब दुसरीकडे कलतो आणि वाऱ्याची एक वावटळ आली की आख्खा मांडव जातो.

होडीच्या डोलकाठीचं तंत्र हेच आहे. पुढच्या टोकाकडे जाणारी तार म्हणजे फोरस्टे. मागे जाणारी बॅकस्टे. डाव्या-उजव्या बाजूंना जातात त्या श्राऊड. डोलकाठीच्या साधारण मध्यावर दोन्हीकडे आडव्या पट्ट्या असतात, त्यांना स्प्रेडर म्हणतात. या पट्ट्या तारेला बाहेर ढकलतात, म्हणजे तारेचा कोन वाढतो आणि डोलकाठीला बाजूचा आधार नीट मिळतो. डोलकाठी, तारा आणि हा सगळा सांगाडा मिळून होतो त्याला ‘रिग’ म्हणतात.

फरक इतकाच की मांडव जागेवर उभा असतो. होडी डोलते, आपटते, कलते. वारा शिडात भरला की वाऱ्याकडच्या तारांवर सगळा भार येतो आणि पलीकडच्या तारा सैल पडतात. होडीनं दिशा बदलली की हे सगळं क्षणात उलटं होतं.

ताण देण्यासाठी तारेच्या खालच्या टोकाला टर्नबकल असतं. हे कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं साधन आहे. मोबाइल टॉवरच्या तारांना, द्राक्षबागेच्या मांडवाला तेच लावतात. मधला भाग फिरवला की दोन्ही टोकं जवळ येतात आणि तार ताणली जाते.

मग घट्ट आवळून टाकलं की झालं?

नाही. नव्या होडीमालकाची पहिली चूक बहुतेक वेळा हीच असते.

तार जितकी ताणाल तितकी ती डोलकाठीला खाली दाबते. चारही बाजूंनी आवळलेली डोलकाठी म्हणजे होडीच्या तळावर सतत दाबलेला खांब. फायबरच्या छोट्या होडीत त्यामुळे होडीची दोन टोकं किंचित वर ओढली जातात, तारा जिथे होडीला जोडलेल्या असतात तिथे भेगा पडतात, क्वचित पाणीही झिरपू लागतं.

सैल तार त्याहून वाईट. बऱ्याच जणांना वाटतं की सैल तारेवर भार कमी, म्हणजे ती जास्त टिकेल. प्रत्यक्षात उलट होतं. सैल तारेत प्रत्येक लाटेला झटका बसतो. बैलगाडीचा दोर एकदम ताणला गेला की तुटतो, हळूहळू ताणला तर तुटत नाही, तसंच. असे हजारो झटके बसले की धातू थकतो. हा थकवा डोळ्यांना दिसत नाही आणि एक दिवस शांत वाऱ्यातसुद्धा तार तुटते.

म्हणून ताणाचं माप ठरलेलं असतं. साध्या क्रूझिंग होडीच्या मुख्य बाजूच्या तारांना त्यांच्या तुटण्याच्या भाराच्या १५ ते २० टक्के ताण द्यावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. पाच मिलिमीटर जाडीची स्टीलची तार साधारण दोन टनांना तुटते. म्हणजे होडी किनाऱ्याला नुसती बांधलेली असतानाही त्या तारेत तीनशे किलोच्या आसपास ताण हवा. हा आकडा पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खोटा वाटतो.

तीनशे किलो मोजायचे कसे?

यासाठी खास गेज मिळतात. पण त्याहून सोपी युक्ती आहे आणि तिला लागते फक्त एक पट्टी.

होडीवर बहुतेक वेळा एकोणीस तारांची पिळलेली स्टीलची तार वापरतात. या तारेचा एक गुणधर्म कामाला येतो. तिच्यावर तुटण्याच्या भाराच्या ५ टक्के ताण आला की २ मीटर लांबीत ती १ मिलिमीटर वाढते. मग करायचं असं, की तार हातानं फक्त सरळ होईल इतकीच ओढायची. २ मीटरची घडीची पट्टी वरच्या टोकाला टेपनं तारेला चिकटवायची. पट्टीचं खालचं टोक तारेवर जिथे येतं तिथे खूण करायची. आता टर्नबकल फिरवायला घ्यायचं. खूण आणि पट्टीचं टोक यांच्यात १ मिलिमीटर अंतर पडलं की ५ टक्के, ३ मिलिमीटर पडलं की १५ टक्के.

तीन मिलिमीटर म्हणजे फार तर चार एटीएम कार्डं एकावर एक ठेवल्यावर होणारी जाडी. डोलकाठी टिकणार की जाणार, हे या एवढ्या अंतरावर ठरतं.

कामाचा क्रम कोणता?

इथे घाई केली की सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

आधी डोलकाठी दोन्ही बाजूंनी मधोमध आहे का ते पाहायचं. शीड वर ओढायची दोरी डोलकाठीच्या टोकापर्यंत न्यायची, तिचं दुसरं टोक डाव्या काठावर टेकवून खूण करायची आणि मग तेच टोक उजव्या काठावर न्यायचं. खूण जुळली तर डोलकाठी सरळ. नाही जुळली तर एका बाजूचं टर्नबकल सोडायचं, दुसऱ्या बाजूचं आवळायचं, आणि दोन्हीकडे फेरे मोजून.

मग डोलकाठी मागे किती कललेली हवी, ते पाहायचं. त्याच दोरीला एक वजन बांधून खाली सोडायचं. गवंडी ओळंबा सोडतो तसं. वजन डोलकाठीच्या बुंध्यापासून किती मागे लोंबतं, तो झाला कल. हा कल थोडा बदलला तरी होडीचा स्वभाव बदलतो. संक्रांतीला पतंग उडवणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. कन्नीची गाठ बोटभर वरखाली झाली की तोच पतंग कधी गोते खातो, कधी नुसता लोंबकळत राहतो. होडीत डोलकाठी जास्त मागे कलली तर होडी आपोआप वाऱ्याकडे तोंड वळवू पाहते आणि सुकाणू धरणाऱ्याचे हात भरून येतात. थोडी ओढ असावी, कारण हात सुटला तर होडी वाऱ्याकडे वळून स्वतःच थांबते. पण सतत सुकाणूशी झगडावं लागत असेल तर सुकाणू ब्रेकसारखं पाण्यात आडवं होऊन वेग खातं.

त्यानंतर वरच्या तारा, मग खालच्या, मग मागची. प्रत्येक वेळी डोलकाठीच्या पायाशी उभं राहून, तिला गाल लावून वर बघायचं. ती सरळ दिसली पाहिजे किंवा पुढच्या बाजूला अगदी किंचित फुगलेली. इंग्रजी ‘एस’सारखी वळलेली दिसली तर वरच्या आणि खालच्या तारांचा मेळ बसलेला नाही.

हे सगळं किनाऱ्यावरचं झालं. खरी परीक्षा पाण्यात. मध्यम वाऱ्यात होडी साधारण २० अंश कलू द्यायची आणि वाऱ्यापलीकडच्या तारा हातानं हलवून बघायच्या. त्या थोड्या ढिल्या वाटल्या तर चालेल. लोंबत असतील तर परत आवळायच्या, पण त्या बाजूला भार नसताना. शेवटी टर्नबकलला पिन घालायची. पिन विसरल्यामुळे टर्नबकल आपोआप सुटत गेलं आणि डोलकाठी आडवी झाली, असं जगभरच्या बंदरांत घडत आलं आहे.

तारा बदलायच्या कधी?

स्टेनलेस स्टील गंजत नाही हा समज खाऱ्या पाण्यात टिकत नाही. तार जिथे फिटिंगमध्ये दाबून बसवलेली असते तिथे पाणी साचतं, हवा पोचत नाही आणि आतून गंज धरतो. बाहेरून तार चकचकीत दिसते. म्हणून दहा-पंधरा वर्षांनी तारा दिसायला कशाही असल्या तरी बदलाव्यात, असं जाणकार सांगतात.

त्याआधी एखादी बारीक तार तुटली आहे का, हे शोधायला जगभर एक वस्तू वापरतात. कापसाचा बोळा. तो तारेवरून वरपासून खालपर्यंत फिरवायचा. कुठे तंतू अडकले तर तिथे एक तार तुटून तिचं टोक वर आलं आहे. एकोणीसपैकी एक जरी तुटली तरी ती पूर्ण तार बाद. हातानं तपासायला गेलं तर तळव्यात घुसते, म्हणून कापूस. पारोळ्यात तरी तो शोधायला लांब जावं लागणार नाही.

कापसाचा संबंध एवढाच?

मुळीच नाही. एकेकाळी शिडंच कापसाची असत.

२२ ऑगस्ट १८५१ रोजी इंग्लंडमध्ये आइल ऑफ वाइट बेटाभोवती एक शर्यत झाली. ‘अमेरिका’ नावाच्या अमेरिकी होडीनं इंग्रजांच्या होड्यांना हरवलं. अमेरिका कप या प्रसिद्ध शर्यतीचं नाव तिच्यावरूनच पडलं. इंग्रज होड्यांची शिडं जवसाच्या धाग्याची होती. ती वाऱ्यात पिशवीसारखी फुगत. ‘अमेरिका’ची शिडं यंत्रावर घट्ट विणलेल्या कापसाच्या कापडाची होती. ती सपाट राहिली आणि होडी वाऱ्याच्या दिशेकडे जास्त जवळून धावली. त्यानंतर शर्यतीच्या होड्यांवर कापूस आला तो जवळपास शंभर वर्षं राहिला.

त्याच काळात, १८६१ ते १८६५ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि खान्देशातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले. हा कापूस आखूड धाग्याचा. शर्यतीच्या शिडांना लांब धाग्याचाच कापूस लागे. म्हणून खान्देशच्या कापसाची शिडं जगभर फडकत होती, असा दावा कुणी केला तर त्यावर विश्वास ठेवू नये.

कापसाच्या शिडाचे नखरे फार. नवं शीड पहिले काही दिवस हलक्या वाऱ्यातच वापरावं लागे. एकदा जोराच्या वाऱ्यात ताणलं गेलं की त्याचा आकार कायमचा बिघडला. ओलं झालं की आकसायचं, तसंच गुंडाळून ठेवलं की बुरशी. १९५० च्या दशकात पॉलिएस्टरचं कापड आलं, त्याला डॅक्रॉन किंवा टेरिलिन म्हणत, आणि कापूस मागे पडला. मुंबईत कुलाब्यात सागवानी लाकडात बांधलेल्या ‘सुहेली’ होडीतून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये न थांबता, एकट्यानं पहिली पृथ्वीप्रदक्षिणा ३१२ दिवसांत पूर्ण केली, तोवर शिडं टेरिलिनची झाली होती. ‘तुरिया’ ही याच ‘सुहेली’ची प्रतिकृती.

आज शर्यतीसाठी प्लॅस्टिकच्या पापुद्र्यात मजबूत धागे चिकटवलेली लॅमिनेटची शिडंही मिळतात. ती आकार उत्तम धरतात, पण घड्या आणि ऊन त्यांना मानवत नाही. रविवारी दोन तास फिरायला जाणाऱ्यानं त्यावर पैसे घालू नयेत. चांगलं शिवलेलं डॅक्रॉन त्याला पुरतं.

शिडाला ‘आकार’ म्हणजे काय?

शीड म्हणजे सपाट कापड नव्हे. शिंपी ब्लाऊजला टक्स घालतो तसे शीड शिवणारे कापडाच्या पट्ट्या किंचित वक्र कापून जोडतात, म्हणजे वारा भरल्यावर त्याला विमानाच्या पंखासारखा फुगवटा येतो. वारा मागून ढकलतो म्हणून होडी पुढे जाते, हे अर्धंच खरं. वाऱ्याच्या दिशेला तिरकी जाणारी होडी या फुगवट्यावरून वळणाऱ्या हवेमुळे पुढे ओढली जाते.

फुगवटा किती आणि कुठे, यावर सगळं अवलंबून असतं. चांगल्या शिडात सर्वात खोल भाग पुढच्या कडेपासून ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असतो. शीड जुनं झालं की कापड ढिलं पडतं आणि हा फुगवटा मागे सरकतो. मग जोर पुढे ओढण्याऐवजी बाजूला ढकलण्यात जातो. होडी जास्त कलते, कमी धावते. बरेच जण याला होडीचा किंवा वाऱ्याचा दोष समजतात.

शीड बाद झालं का, हे बघायला आडव्या काठीच्या मध्यावर झोपून शिडाचा वरच्या दिशेनं फोटो काढायचा. शिवणीच्या रेषांवरून फुगवटा कुठे आहे ते दिसतं. दुसरी तपासणी नखाची. शिवणीचा दोरा नखानं खरवडायचा. उन्हानं कुजलेला असेल तर तुटून येईल. कापड धडधाकट असताना दोरा आधी जातो, आणि नुसतं परत शिवून घेतलं तर तेच शीड आणखी काही वर्षं चालतं.

फुगवटा चालता चालताही बदलता येतो. वारा वाढला की शिडाची पुढची आणि खालची कड ताणून ते सपाट करायचं, वारा पडला की सैल सोडायचं. कोकणातल्या शिडाच्या होड्यांवर तांडेल दामण सैल-घट्ट करून हाच हिशोब सांभाळायचा. वाऱ्याची चाल कळावी म्हणून शिडाला लोकरीचे तुकडे चिकटवतात. दोन्ही बाजूंचे तुकडे सरळ मागे उडत असले तर सगळं ठीक. होडीची सर्वात स्वस्त सुधारणा हीच, आणि ती न करताच लोक नवं शीड मागवतात.

नवं शीड मागवण्याआधी रिग ठीक करणं गरजेचं आहे, त्याला साधं कारण आहे. शीड डोलकाठीच्या वाकानुसार कापलेलं असतं. डोलकाठीच वाकडी असेल तर नव्या शिडाला पहिल्या दिवसापासून सुरकुत्या पडतात.

ज्यांना तारा बदलायची मुभाच नाही, त्यांचं काय?

ऑलिंपिकमधल्या आयएलसीए म्हणजे जुन्या ‘लेझर’ होडीला तारा नसतातच. डोलकाठी नुसती खाचेत उभी. शीड कुणी स्वतःच्या मनानं शिवून आणू शकत नाही, सगळ्यांना एकसारखंच वापरावं लागतं. हातात राहतात मोजक्या दोऱ्या आणि त्या कधी किती ओढायच्या याची जाण. या होडीचे तीन प्रकार आहेत, आयएलसीए ४, ६ आणि ७. होडी तीच, शीड ४.७ चौरस मीटरपासून ७.०६ चौरस मीटरपर्यंत वाढत जातं.

२०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मुलींच्या आयएलसीए ४ मध्ये भारताच्या नेहा ठाकूरनं रौप्यपदक जिंकलं. ती मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबातली. देवासलाही समुद्र नाही. ती शिकली भोपाळच्या तलावावर. महाराष्ट्रात पुण्याजवळ खडकवासल्याच्या पाण्यात एनडीएचे कॅडेट शिडाच्या होड्या चालवायला शिकतात. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ करणाऱ्या मुलांना वारा वाचायला समुद्रच हवा असं नाही.

मग ‘तुरिया’ची डोलकाठी ट्यूनिंगमुळे वाचली असती का?

तसं म्हणता येणार नाही. पूर्ण उलटलेल्या होडीची डोलकाठी पाण्यातून फिरते तेव्हा तिच्यावर येणारा भार कुठल्याही टर्नबकलच्या हिशोबात बसत नाही. त्याच वादळात आयर्लंडच्या ग्रेगर मॅकगुकिन यांच्याही होडीची डोलकाठी गेली.

पण त्याच शर्यतीतलं दुसरं उदाहरण बघण्यासारखं आहे. फ्रान्सचे ज्याँ-लुक व्हान डेन हीड. वय ७३. त्यांनी शर्यतीआधीच आपल्या होडीची डोलकाठी दीड मीटरनं आखूड करून घेतली होती. शीड लहान झालं, हलक्या वाऱ्यात वेग कमी होणार हे मान्य करून. नोव्हेंबर २०१८ मध्ये प्रशांत महासागरात, केप हॉर्नच्या बऱ्याच अलीकडे त्यांचीही होडी वादळात आडवी झाली. डोलकाठी उभी राहिली, पण खालच्या तारा जिथे तिला जोडल्या होत्या तो जोड काही सेंटिमीटर खाली घसरला आणि तारा ढिल्या पडल्या.

पहिला विचार चिलीच्या बंदरात जाऊन दुरुस्ती करण्याचा होता. तसं केलं असतं तर पहिला क्रमांक गेला असता. त्याऐवजी ते समुद्रातच डोलकाठीवर चढले, जोड दोऱ्यांनी आवळून बांधला, पुन्हा ताण दिला. एकदा नाही, अनेकदा चढले. वारा वाढला की शीड लहान करून, डोलकाठीला जपत केप हॉर्न ओलांडलं. २९ जानेवारी २०१९ रोजी ते फ्रान्सला पहिले पोचले.

टॉमींच्या कण्यावर शस्त्रक्रिया झाली. त्यांना चालायला नव्यानं शिकावं लागलं. ४ सप्टेंबर २०२२ रोजी ते त्याच शर्यतीत पुन्हा उतरले, या वेळी ‘बायानात’ नावाच्या ३६ फुटी होडीवर. ही होडी रस्लर ३६ बनावटीची, म्हणजे व्हान डेन हीड यांनी जिंकताना निवडली होती त्याच बनावटीची. २३६ दिवसांनी, २९ एप्रिल २०२३ रोजी ते दुसऱ्या क्रमांकानं परतले, आणि डोलकाठी जागेवर होती.